उजव्या पोटरीवरचा डाग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. शेजारच्या सुमनला तर नाहीच, कारण तिला दुपारी सांगितलेलं संध्याकाळच्या आत मुरूडला पोचलेलं असतं. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

हल्ली आमच्या पुळणीवर पर्यटकांची पोरं त्या चार चाकांच्या बुटक्या गाड्या फिरवतात. फर्र करून निघतात आणि आईबाप मोबाईल धरून वाळूतून मागे धावतात. मला हसू आवरत नाही. आमच्या वेळी — झालं, सुरू झाली म्हातारी, असं म्हणू नका. मी अजून स्कूटर चालवते आणि बऱ्यापैकी चालवते. तर आमच्या वेळी अख्ख्या आळीत मोटारसायकल एकच होती, भाईकाकांची. लाल टाकीची. काका जहाजावर कामाला, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात. मग ती गाडी तेवढे महिने आमच्या पडवीत ताडपत्रीखाली झोपलेली. खाऱ्या हवेत गाडी नुसती उभी राहिली तर गंजून जाते, म्हणून काकांनी एक काम लावून दिलं होतं. दर रविवारी ताडपत्री काढायची, फडक्याने पुसायची, चेनला तेल द्यायचं, किक मारायची आणि जागेवरच थोडा वेळ चालू ठेवायची.

हे काम कुणाला दिलं? मला नाही. माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला. मी चौदाची, तो बाराचा. वर काका त्याला म्हणाले होते, की कॉलेजात जाशील तेव्हा गाडी तुझी.

दिलीप त्या गाडीची सेवा करायचा. अंघोळ स्वतःची चुकवील, तिची नाही. तिच्यावर बसून तो मला क्लच म्हणजे काय, पहिला गिअर कसा पडतो, सगळं शिकवायचा, पण गाडी स्टँडवरून खाली काही घ्यायचा नाही. काकांनी सांगितलंय ना, जागेवरच. शिकवणी त्याची, धाडस माझं — अशी आमची वाटणी होती.

मे महिन्यातली एक दुपार. घर घोरतंय. ओहोटी अशी लांबवर गेलेली, की ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, नाही. मग मी काय केलं असेल? थोरल्या बहिणी जे करतात तेच. म्हटलं, नाही आलास तर काकांना पत्रात लिहीन, की तू रोज गाडी फिरवतोस. बिचाऱ्याचा चेहरा पडला. पण गाडी एकटी माझ्या हाती सोडायला तो तयार नव्हता, म्हणून आला. होड्या उतरवायच्या वाटेने आम्ही ती ढकलत नेली, घामाघूम झालो. मी पुढे बसले, तो मागे, गाडीवर पहारा ठेवायला.

आणि काय सांगू तुम्हाला! फ्रॉकचा फुगा झालेला, वेण्या मागे दिलीपच्या तोंडावर, खेकडे दोन्ही बाजूंना पळतायत, आणि मागून हा ओरडतोय, गिअर बदल, गिअर बदल. आजही ती दुपार आठवली की मी भाजी चिरता चिरता थांबते. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

वळवताना पडलो. गाडी माझ्या पायावर, तापलेला सायलेन्सर उजव्या पोटरीला. दिलीपने ती जिवाच्या आकांताने उचलली — आणि उचलताना त्याच्याही उजव्या पोटरीला तोच चटका. इंडिकेटरची काच फुटली. आम्ही गाडी धुतली, पुसली, ताडपत्री घातली. दुसऱ्या दिवसापासून मी फ्रॉक सोडून घोट्यापर्यंतचा परकर नेसू लागले. आई म्हणाली, चला, अक्कल आली पोरीला. आळीत कौतुक झालं!

आठवड्याने काका सुट्टीवर आले. काच पाहिली, चेनमधली वाळू पाहिली आणि घरातल्या आणि शेजारच्या पोरांना ओट्यावर ओळीने उभं केलं. पाय दाखवा. ती गाडी स्वतः चालवलेला माणूस तो, तापलेल्या सायलेन्सरने पोटरीवर काय उमटतं ते त्याला बरोब्बर ठाऊक. पोरांचे पाय पाहिले. मुलीचे कोण पाहणार? मी दारात परकर सावरून उभी.

दिलीपचा डाग सापडला. कुणी चालवली, असं काकांनी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी, म्हणाला. आणि आत गेला.

इथवरचं पाप तुम्ही मला माफ कराल. चौदाची पोर, घाबरली, गप्प राहिली. मीही कितीतरी वर्षं एवढंच आठवायची, पुढचं नाही. पण गप्प राहिले असते तर हे लिहायला बसले असते का?

काकांनी मला विहिरीपाशी बोलावलं. राग बराचसा उतरला होता. त्या पोराचा गाडीवर किती जीव आहे, हे त्यांनाही कळत होतं. म्हणाले, "मने, तू थोरली हायस. खरं सांग, चावी त्याच्याकडं ठेवू का न्हाय?"

एक हो. एवढंच हवं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती.

मी म्हणाले, "नका ठेवू, काका. तो रोजच काढतो गाडी. मी किती सांगते त्याला."

भीतीने नाही बोलले. मला गाडी कधीच मिळणार नव्हती, मग त्याला तरी का मिळावी — हे तेव्हा अगदी स्वच्छ माझ्या मनात होतं. मुलीच्या जातीला कुणी विचारत नव्हतं, हे कारण मी पुढे करू शकते. करत नाही. मला माझा भाऊ आवडायचा आणि त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला, एवढंच.

सुट्टी संपायच्या आत काकांनी गाडी म्हसळ्याच्या एका माणसाला विकली. दिलीप तिच्यामागून एसटी स्टँडापर्यंत चालत गेला. आदल्या रात्री तो मला म्हणाला होता, तू काकांशी बोलताना मी खिडकीतून पाहिलं. आणि मी — ऐका आता — मी त्याला म्हटलं, पुष्कळ सांगून पाहिलं रे, काका ऐकेनात.

दिलीप आता दिघीला बर्फाच्या कारखान्यात आहे. मजेत आहे, पोट सुटलंय, नाटकात कामं करतो. त्याने गाडी कधी घेतली नाही. मला गाडी धार्जिणी नाही, असं हसत सांगतो. भाऊबीजेला लाँचने आगरदांड्याला उतरतो, मी स्कूटर घेऊन धक्क्यावर जाते आणि तो मागे बसतो. अजून मागून सूचना देतो.

दर भाऊबीजेला पोरं त्याच्या पोटरीवरचा डाग पाहून गोष्ट मागतात. तो रंगवून सांगतो, चालवणारा म्हणून स्वतःलाच घालतो आणि मला डोळा मारतो. शेवट मात्र ठरलेला. "सगळं घर माझ्यावर उठलं होतं, पोरांनो. माझ्या बाजूने एकटी ताई बोलली."

यंदाही म्हणाला. माझ्या हातात निरांजन होतं. मी त्याला ओवाळलं, ताटात आणखी एक करंजी वाढली, आणि संध्याकाळी मागे बसवून धक्क्यावर सोडून आले.