कालिनागोंच्या सभेबाहेर

गंजाडच्या नाक्यावर टमटम थांबली तेव्हा आयेने माझ्या हातात सुक्या बोंबलांचा पुडा दिला. बाच्या जुन्या पत्रकांत गुंडाळलेला. बा म्हणाला, "हॉटेलात कामगार असतील. त्यांच्यात बस. साहेबाच्या टेबलावर बसू नको."

"आधी पोचू दे तिला," आये म्हणाली, "मग कुठं बसायचं ते ती बघंल."

बोंबील विमानतळावर काढून घेतले. पत्रकं मात्र मी मागून घेतली.

पाड्यावर राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं वापी, बोईसर किंवा त्याहून लांब गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका नावाच्या बेटावर आहे. राजधानी रोझो, आणि तिथल्या हॉटेलात मी रिसेप्शनला. मोठी जहाजं सकाळी येतात, लोक बाजार बघतात, संध्याकाळी निघून जातात. सगळं बेट म्हणजे जणू तेवढाच धक्का. म्हणून मॅनेजरने मला काम दिलं: शहराबाहेरच्या, फारसं कुणी जात नाही अशा जागा शोध, पाहुण्यांची सहल आखू.

सुट्टीच्या दिवशी मी मिनीबसने निघायचे. डोंगर चढताना कान बंद व्हायचे, पलीकडे उतरलं की पूर्वेचा खवळलेला समुद्र दिसायचा. तिकडे कालिनागोंची गावं आहेत. बाहेरून जहाजं येण्याआधीपासून या बेटावर राहणारी माणसं. त्यांची जमीन सगळ्यांची मिळून आहे. घर बांधा, मळा करा, पण विकता येत नाही. बाची संघटना पत्रकांतून हेच मागायची; ऐकून मला त्याची इतकी आठवण झाली की मी रस्त्यातच हसले.

मिस इर्मा टोपल्या विणायची. आधी तिने मला कसावा नावाच्या कंदाची भाकरी दिली, मग विचारलं, "तुझ्याकडेही आमच्यासारखे लोक आहेत का?"

"मीच आहे," मी म्हटलं. त्या दिवसापासून मी दर सुट्टीला तिच्या ओट्यावर.

मॅनेजरला जागा आवडली. त्याने बेत केला: चाळीस मिनिटांचा थांबा, पिसं लावून नाच, फोटो, जेवायला परत हॉटेल.

मी आठवीत होते तेव्हा किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टची बस रविवारी आमच्या पाड्यावर यायची. बायकांनी लुगडी नेसून तारप्याच्या सुरांवर नाचायचं आणि पाहुण्यांनी 'असली आदिवासी' बघायचे. बाने पत्रक काढलं, 'आम्ही बघायची वस्तू नाही'. भाताची खळ लावून आम्ही पोरांनी ते बाजारभर चिकटवलं. बस बंद झाली. बाची बहीण, माझी फुई, ओरडली होती, "तुझ्या बाला नाचता येत नाय, म्हणून आमचा नाच बंद!" सगळे हसले. मीही.

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो. मॅनेजरच्या मीटिंगमध्ये मी तोच मथळा इंग्रजीत म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सहलीतून गावच काढून टाकलं.

मी ही बातमी विजयासारखी घेऊन गेले. मिस इर्माने सुरी खाली ठेवली.

"तू आम्हांला विचारलंस?"

"पण ते तुम्हांला नाचायला लावणार होते."

"नाचायचं की नाही ते आम्ही ठरवलं असतं. आमची सभा आहे, आमचा प्रमुख आहे. पोरी, जगाच्या दुसऱ्या टोकावरून येऊन तू आमचं फाटक लावलंस?"

मी बाला फोन केला. तो म्हणाला, "तुझं बरोबरच होतं. तिला सांग, संघटना करा."

"बा, त्यांची सभा आपल्या संघटनेपेक्षा जुनी आहे."



मिस इर्माचं एकच मागणं होतं: मॅनेजरकडे जा, सांग की मी न विचारता बोलले, आणि त्याला सभेत घेऊन ये. माझा इथे राहायचा परवाना हॉटेलच्या करारावर आहे आणि करार संपत आला आहे. तरी गेले. "आधी नको, आता हवं!" मॅनेजर म्हणाला. "तुझ्या कराराचं नंतर बघू." पण आला.

सभागृहाच्या दारात प्रमुखाने मॅनेजरला आत घेतलं. मी मागोमाग निघाले तशी मिस इर्मा म्हणाली, "तू नाही. तू कालिनागो नाहीस आणि हॉटेलही नाहीस. बाहेर बस."

बाहेर बाकडं होतं. आत आवाज चढत होते. एकदा मोठा हशा पिकला आणि तो कशावर होता ते मला कळलं नाही. शेवटी ठरलं: दिवस गावकरी सांगतील, पाहुणे गावात मुक्काम करतील, नाच ज्याला वाटेल तो करेल. ठराव चांगला होता. त्यात माझा एक शब्द नव्हता. हे मला अजून सलतं, आणि मिस इर्माचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

घर म्हणजे माती, भाषा, आयेच्या हातचं असं सगळे लिहितात. मला त्या बाकड्यावर दुसरंच वाटलं. घर म्हणजे जिथे सभा सुरू झाली की कुणीतरी विचारतं, ती का नाही आली?

गेल्या महिन्यात पाड्यावर सभा झाली. नव्या रिसॉर्टला वाट द्यायची का, यावर. मी बहिणीला फोनवर विचारलं, माझं नाव निघालं का?

"तुझं?" मंजी म्हणाली. "तू तर तिकडं हायेस ना."