हळदीचं पान जास्त झालं

वन्सं गेल्या त्याला आता महिना उलटून गेला. वन्सं म्हणजे माझी नणंद इंदू, ह्यांची मोठी बहीण. त्या गेल्याचं कळवायला समोरच्या दुकानातून लांज्याला ट्रंककॉल लावला, तेव्हा पलीकडून ह्यांच्या मावसभावानं आधी "अरेरे" म्हटलं आणि लगेच विचारलं, "शेवटी कशाला नावं ठेवलीन?" मला हसू आलं... घरात प्रेत होतं आणि मी दुकानात फोन कानाला लावून हसत होते. दहाव्याला आलेल्या एका शेजारणीनं तर माझा हात हातात घेऊन सांगितलं, "सुटलीस गो बाय. आता चार घास सुखानं जेव." ती बाई वाईट नव्हती. वन्संबद्दल आमच्या आळीत असंच बोललं जायचं, त्यांच्या तोंडावरसुद्धा. आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांचं नाक हा आमच्या घराचा लौकिक होता. उन्हाळ्यात आळीतल्या बायका मसाला कुटून आणायच्या, तो डब्यात भरायच्या आधी चिमूटभर वन्संच्या तळहातावर ठेवायच्या. वन्सं वास घेऊन सांगायच्या, "धने गेल्या वर्षीचे घातलेस." बाई ओशाळायची, कारण धने गेल्या वर्षीचेच असायचे. ओटीवर बसून त्यांना कळायचं की आत बांगडे कालचे आहेत. जगातल्या यच्चयावत गोष्टींसाठी त्यांच्याकडे दोनच निकाल होते. जमलं, आणि जमलं न्हाय. पहिला फार क्वचित निघायचा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तो एक शब्द ऐकायला चुलीपुढे भाजून निघाले. तो कधी मिळाला नाही. मीही काही साधी नाही, पण मनातल्या मनात चडफडण्यापलीकडे काही केलं नाही.

तरी त्यांच्यासारखी सोबत मला दुसरी मिळाली नाही, हेही लिहायला हवं. ऐंशी सालानंतरची ती चार-पाच वर्षं आम्ही दोघी नुसत्या भटकत होतो. कुठे जाखडी आहे, कुठे नमनाचा खेळ, कुठल्या जत्रेत तंबूतला सिनेमा लागलाय, हे वन्संना आधी कळायचं. आठवड्याची आमटी-भाकरी कुणाच्या तरी गळ्यात टाकून त्या मला एस.टी.त बसवायच्या. जाखडीत दोन शाहीर समोरासमोर उभे राहून गाण्यातून एकमेकांचे वाभाडे काढतात. वन्संना ते मनापासून आवडायचं. एकदा सामना संपल्यावर घामानं निथळणारा, लोकांनी डोक्यावर घेतलेला शाहीर वन्संच्या पाया पडायला आला, तर त्याला म्हणाल्या, "गळा तुझा हाय, गाणं तुझं न्हाय. जमलं न्हाय रे." त्याच्या पायातले घुंगरू एकदम गप्प झाले. तंबूतला सिनेमा तर त्या नाकानंच बघायच्या. भिजलेलं गोणपाट, बाहेरची भजी, यंत्राचा तापलेला वास... "चित्र काय, व्हिडिओवर पण दिसतं. व्हिडिओला वास कुठं हाय?" असं त्यांचं म्हणणं. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तिथे त्या टोपल्यांपुढून नुसत्या चालत गेल्या तरी बायका पदर सावरायच्या. एक कोळीण हात जोडून म्हणाली होती, "ताय, पुढं जावा. तुमच्या नाकानं आमचा धंदा बसवलान." तिथून जवळ बुरोंडीला त्यांची मैत्रीण हमीदा राहायची, नवरा आखातात. तिनं नारळाच्या दुधातलं सांदण केलं होतं. वन्संनी एक घास खाल्ला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "जमलं हो." परतीच्या प्रवासात मी त्यांच्याशी बोलले नाही.

हे नाक त्यांना का लागत होतं, ते मला उशिरा उमगलं. लग्नानंतर वर्षाच्या आत त्या माहेरी परत आल्या होत्या. नवऱ्यानं मुंबईत दुसरा संसार थाटला होता आणि सासरच्यांनी हिची ट्रंक उचलून एस.टी.वर ठेवली होती. आळीत मात्र त्या सांगायच्या, "त्यांच्या हाताला चव नव्हती, मीच आले." परत आलेल्या बाईला भावाच्या घरात कोण विचारतो? भाकऱ्या थापायच्या, पोरं सांभाळायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर खरवड खायची. वन्सं मात्र पहिल्या पंगतीला पाटावर बसायच्या, आणि त्यांचा घास गिळून होईपर्यंत माझ्या सासऱ्यांचाही हात थांबायचा. ते सगळं त्या नाकावर उभं होतं.

एका आषाढात परसातल्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून त्यांचा पाय सटकला. डोकं मागून आपटलं. डॉक्टरांनी बघितलं, टेंगूळ उतरलं, चार दिवसांत त्या हिंडू-फिरू लागल्या. गणपतीत घर भरलेलं होतं. त्या वर्षी परसातली हळद गुरांनी खाऊन टाकली होती, म्हणून मोदक उकडताना तळाशी हळदीच्या पानाऐवजी मी केळीचं पान घातलं होतं. आज चांगलीच बोलणी बसणार, म्हणून मी दाराशी जीव मुठीत धरून उभी. वन्संनी मोदक फोडला, तोंडात घातला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "हळदीचं पान जास्त झालं. नुसता दर्प मारतोय."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. तेवढ्यात हे म्हणाले, "हो, वाईच जास्तच झालंय." मग पंगतीतले आणखी दोघे मान हलवू लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन मोदकपात्राचं झाकण उघडून बघितलं. केळीचं पान होतं.

मी कुणाला बोलले नाही. पुढे एकदा वन्सं चुलीशेजारी बसून तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्या हाताच्या अंतरावर दूध करपत होतं. करपटाण परसात माझ्यापर्यंत आली. मी धावत आले तर बाई शांतपणे खडे वेचतायत. मी पातेलं उतरवलं. त्यांनी ते काळं झालेलं बूड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "कुणाला बोललीस तर बघ." एवढंच. आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

तेव्हापासून पान वाढताना मी त्यांच्या कानाशी हळूच सांगू लागले. आज लसूण कमी आहे. आज खोबरं कालचं आहे. मला वाटलं होतं, निदान मिंधेपणानं तरी बाई जरा मऊ होईल. कसली मऊ! मी कानात सांगायचं आणि त्यांनी तेच चारचौघांत खणखणीत आवाजात माझ्या पदरात टाकायचं. "लसूण कुठं गेली गो सुमे? माहेरी पाठवलीस?" पंगत हसायची. माझ्या फजितीचा दारूगोळा मीच पुरवत होते, आणि हे गाऱ्हाणं सांगणार तरी कुणाला...

लांज्याला त्या मावसभावाकडे नवी सून आली होती. तिनं ओल्या काजूची उसळ केली. मी चाखली. इतकी सुरेख उसळ मी आयुष्यात खाल्ली नव्हती. वन्संना कानात तसं सांगितलंसुद्धा. वन्संनी वाटी बाजूला सारली. "काजू सोलायला वेळ घालवलास, त्यातला वाईच मसाल्याला दिला असतास तर बरं झालं असतं. जमलं न्हाय." ती मुलगी आत गेली ती परत वाढायला आलीच नाही. तिची सासू मात्र दिवसभर खुशीत होती. परतताना एस.टी.त मी फणफणले, "चांगलं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "चांगलं म्हणायला नाक लागतं गो. नाव ठेवायला लागत न्हाय."

त्यानंतर त्या सिनेमाला आल्या नाहीत. म्हणजे एकदा जत्रेत आल्या, तंबूत शिरल्या, मध्यंतराच्या आधीच उठल्या. "नुसतं पडद्यावर हलतंय," म्हणाल्या. गाणं तेवढं ऐकायच्या, पण भजन थांबलं की वासानं लोक बाहेर चहा-भज्यांकडे वळायचे आणि वन्संचा चेहरा बघवायचा नाही. मला त्यांची दया यायची आणि त्याच वेळी बरंही वाटायचं. दोन्ही खरं आहे.

यंदा पोटात गाठ निघाली. गणपतीपर्यंत बाई अंथरुणाला खिळली. खाट माजघरात टाकली होती, तिथून दार उघडं ठेवलं की ओटीवरचा गणपती दिसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या दिसायच्या. लांज्याची मंडळी दर्शनाला आली होती, ती सूनही होती. मी ताटलीत मोदक घेऊन गेले. परसातली हळद यंदा चांगली माजली होती, पान अगदी बेताचं घातलं होतं, कळ्या एकसारख्या आल्या होत्या. माझ्या हातचे याहून चांगले मोदक पूर्वी झाले नव्हते, पुढेही होणार नाहीत. वन्संनी इवलासा तुकडा जिभेवर ठेवला. मी कानाशी वाकले, पण काही सांगायच्या आधी त्यांनीच माझं मनगट धरलं. अगदी हळू विचारलं, "जमलं म्हणू?"

इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडापाशी आला होता. मी नुसती मान हलवली असती तरी ओटीवरच्या सगळ्यांनी तो ऐकला असता. पण त्यांना कशाचा वास येत नव्हता, ना तुपाचा, ना पानाचा, ना माझ्या कष्टांचा. भीक घातल्यासारखा तो शब्द मला नको होता. आणि ओटीवर सगळे कान टवकारून बसलेले... त्या जर 'जमलं' म्हणाल्या असत्या, तर सगळ्यांना कळलं असतं की इंदू संपली.

"नको," मी म्हटलं. "हळदीचं पान जास्त झालं म्हणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उशीवरून मान वर करून, कुठून आणला तो आवाज देव जाणे, पार ओटीपर्यंत ऐकू गेलं, "सुमे, हळदीचं पान जास्त झालं! कधी शिकणार गो तू?" ओटीवर हशा पिकला. "इंदूताई काय सुधारायच्या न्हाईत," कुणी तरी म्हणालं. लांज्याची सून दाराशी उभी होती. तिच्या तोंडावर मला चक्क समाधान दिसलं. वन्संनी माझं मनगट मात्र सोडलं नाही, हात आखडेपर्यंत मी तशीच वाकून उभी होते. नवरात्र बसायच्या आत त्या गेल्या.

"कुणाला बोललीस तर बघ," असं त्यांनी बजावलं होतं. आज बोलतेय, बघायला त्या नाहीत. लांज्याच्या त्या मुलीनं हे वाचावं म्हणून लिहितेय. तुझी उसळ जमली होती गो.

काल रात्रीच्या जेवणाला आमटी केली. वाढून झाल्यावर सवयीनं मी माजघराच्या दाराशी थांबले. तिथे खाट नाही आता, जमिनीवर तिच्या चार पायांच्या खुणा आहेत. ह्यांनी पहिला भुरका घेतला आणि हात तसाच ठेवून दाराकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "जमलं न्हाय. मीठ कमी हाय."

ह्यांनी निमूटपणे चिमूटभर मीठ घेऊन वाटीत घातलं, ढवळलं आणि जेवू लागले. आमटीत मीठ बरोबर होतं.