आवाज करणारा कॉम्प्युटर

"ह्यांचो कॉम्प्युटर गेलो गो," आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात भेंडी निवडत होते. तिचा आवाज असा होता की हातातली भेंडी हातातच राहिली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"गेला तर जाऊ दे," मी म्हटलं. "तुला काय करायचाय कॉम्प्युटर?"

"नवो हाडूया," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आईने जन्मात कधी कॉम्प्युटरच्या माऊसला हात लावलेला नाही. कॉम्प्युटर बाबांचा. खाणीच्या ऑफिसातून निवृत्त होऊन ते इब्रामपूरला घरी आले आणि आतल्या खोलीत जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात त्यांनी तो मांडला. गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची विजेची तक्रार, कुणाचा जमिनीचा एक-चौदाचा उतारा. दुपारचं जेवण झालं की बाबा आत जायचे, आणि मेजाखालचा कॉम्प्युटरचा डबा घरघरायला लागायचा. त्याचा पंखा जुना होता. मधूनच अडकायचा आणि घसा खाकरल्यासारखा आवाज काढून पुन्हा चालू लागायचा. स्वयंपाकघरात बसलं तरी ऐकू यायचं.

ते गेल्यावर आई त्या घरात एकटी राहिली. डिचोलीला माझ्याकडे चल म्हणून मी किती घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. "माझां हयच बरां," एवढंच उत्तर. ती तिथे नीट राहत होती हेही खरं. जेवत होती, झोपत होती, परसातल्या मिरच्यांवरून शेजारणीशी भांडतही होती. तिने तशीच नीट राहावं याहून जास्त मला काही नको होतं. फक्त तिचं हे नीट राहणं कशाच्या आधारावर चाललंय, याचा मला पत्ता नव्हता.

मी गेले की पुष्कळदा तो कॉम्प्युटर चालू असायचा. स्क्रीनवर आईने विणलेलं पांढरं कापड, आणि खाली डबा घरघरतोय. विचारलं तर म्हणायची, "बंद ठेवलो तर दमट होता." मी बटण बंद करून यायची. तो आवाज मला सहन होत नसे, हे कारण. ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवशी पाचच्या सुमाराला मी डिचोलीहून घरी पोचले होते. आई ओसरीवर वाळलेली कोकमं गोळा करत होती. "भितर कामात आसत, चाय पण थंड झाली त्यांची," म्हणाली. मी दार लोटलं. बाबांचं डोकं मेजावर होतं आणि डबा घरघरत होता. त्यानंतर कुठलाही जुना पंखा फिरताना ऐकला की मी तिथून उठून जायची.

म्हणून कॉम्प्युटर गेला हे ऐकून, खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

मदरबोर्ड जळलाय म्हणत दुरुस्त करणाऱ्याने हात वर केले तेव्हा आईला घेऊन म्हापशाला गेले. दुकानदार पन्नाशीचा, बोलका माणूस. त्याने तिला बसायला कदेल दिली, पाणी दिलं, आणि एकामागून एक कॉम्प्युटर चालू करून दाखवायला लागला. आईने एकाही स्क्रीनकडे पाहिलं नाही. ती उठून प्रत्येक डब्यापाशी जायची आणि लुगड्याचा पदर सावरत कान लावायची. दुकानातले लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी दुकानदाराने जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी पुढे केली. "हो घेया आई. पंखोच ना. आवाज म्हणून करचो ना."

"मगे नको," आई म्हणाली.

"कित्याक?"

"आवाज नाय तर माका नको."

दुकानदार हसला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. मला थट्टा वाटली नाही, हट्ट वाटला, आणि माझं डोकं फिरलं. "आई, पुरे," मी म्हटलं. "वापरायचा नाहीसच, मग निदान शांत तरी असू दे." मी माझंच घोडं दामटलं. ती काळी पेटी घेतली आणि त्याच संध्याकाळी बाबांच्या मेजावर ठेवून, लावून दिली. जुना डबा माळ्यावर टाकला. आईने पांढरं कापड झटकून पुन्हा स्क्रीनवर घातलं आणि मला म्हणाली, "जा आता, बस चुकात."

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "मी येतंय तुझ्याकडे ऱ्हावक."

दोन वर्षं जे मागत होते ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. मी घरभर नाचायला हवं होतं. तिला घेऊन आले, खोली लावून दिली, पोदेराकडून तिला आवडतो तसा कडक पाव आणला. ती सगळ्याला "बरां, बरां" म्हणाली. पण पिशवीतले कपडे तिने बाहेर काढले नाहीत. आठ दिवसांत तिचं जेवण अर्ध्यावर आलं. भांडायची थांबली, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. आमच्या घरात ती पाहुण्यासारखी पाय जवळ घेऊन बसायची. मला भीती वाटायला लागली. आपण हिला इथे आणून हळूहळू संपवतोय, असं मनात यायचं आणि मी ते झटकून टाकायची.

एका दुपारी ऑफिसातून लवकर आले तर आई खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून स्टुलावर बसली होती. डोळे मिटलेले. फ्रिज गुणगुणत होता. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी ओरडले.

"बोंबलू नको," ती म्हणाली. "आयकतंय."

"काय ऐकतेस?"

फ्रिज गुणगुणतोय तोवर तिने हात वर धरला. तो खटकन थांबला तसे तिने डोळे उघडले.

"त्या दिसा मी चाय केलंय आणि हाक मारलंय," ती म्हणाली. "ओ नाय इली. पण भितर मिशिनीचो आवाज चलू होतो. म्हटलां, कामात आसत. माझी चाय पियालंय. भांडी घासलंय. कोकमां काढूक गेलंय. मनातल्या मनात त्यांका शिव्या घातलंय, चाय थंड करतत म्हणान. डॉक्टर म्हणालो, ते तीनाकच गेलेले. पण माझ्याकडे ते पाच वाजापर्यंत होते."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले.

"तू दार उघडलंस आणि ते गेले," ती म्हणाली. रागाने नाही. पाऊस थांबला, असं सांगावं तितक्या साधेपणाने.

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते कळेना. दोन वर्षं मी जाऊन जाऊन ते बटण बंद करत होते, आणि ही बाई एका शब्दाने मला अडवत नव्हती. मी गेल्यावर पुन्हा चालू करत होती. तिला विचारलं, तिकडे आता मोपाच्या विमानतळावरची विमानं डोक्यावरून जातात, तो आवाज चालत नाही का?

"विमानाचो आवाज जाता," ती म्हणाली. "ह्यो घरात बसान असता."

दुसऱ्या दिवशी मी इब्रामपूरला जाऊन काळी पेटी पिशवीत घातली, माळ्यावरचा जुना डबा उतरवला, जुन्या लुगड्यात गुंडाळला, मांडीवर घेऊन बसने म्हापशाला गेले. दुकानदाराला सांगितलं, मला नवीन कॉम्प्युटर हवा, पण मोठ्या डब्याचा, आणि याचा पंखा त्यात बसवून द्या. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आवाज होतो म्हणून डोकं खाणारी गिऱ्हाईकं त्याने आयुष्यभर पाहिली होती, आवाज मागायला आलेली मी पहिलीच. पण ही कुठल्या म्हातारीची मुलगी ते त्याला आठवलं असावं. काळी पेटी परत घेतली. जुना पंखा सोडवला, ब्रशने धूळ काढली, आणि सवयीने तेलाची बाटली उचलली.

"थोडें तेल सोडटां, खरखर बंद जाता."

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकला.

त्याने पंखा नव्या डब्यात बसवला आणि चालू केला. घरघर सुरू झाली. मी काउंटरला धरून उभी राहिले. पंखा अडकला, खाकरला, पुन्हा चालू लागला. मी म्हटलं, हाच द्या.

त्या शनिवारी आईला घेऊन घरी गेले. तिने कुलूप काढलं, केर काढला, मिरच्यांना पाणी घातलं आणि शेजारणीने त्या तोडल्या म्हणून तिला कुंपणावरून सुनावलंही. जेवणं झाली. मी आतल्या खोलीत डबा मेजाखाली ठेवला, तारा जोडल्या, बटण दाबलं. आईने येऊन स्क्रीनवर कापड घातलं आणि बाहेर पडताना दार ओढून घेतलं.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. तिने चहा टाकला. भिंतीपलीकडे घरघर चालली होती. पंखा मधेच अडकला, पण या वेळी खाकरला नाही. एक क्षण, दोन क्षण, काहीच नाही. आईचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. स्क्रू सैल राहिला असेल म्हणून मी उठायला लागले.

तिने माझं मनगट धरलं.

"बघूक जाव नको," ती म्हणाली. "बस."

मी बसले. मग आतून ते खाकरणं ऐकू आलं, आणि आईने दाराकडे तोंड करून नेहमीच्या चिडक्या आवाजात हाक मारली, "चाय झाली ओ!"