भुसाकाका आणि कचऱ्याचं पिंप

भुसाकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोशिवाय कुणाला आठवत असेल, असं मला वाटत नाही. लाकूड कापायचं सॉ मशीन बिघडलं की सगळे सुतार यांनाच बोलावतात, आणि हा गृहस्थ आला की मशीनकडे ढुंकूनही बघत नाही. "कचरा कुठाय?" एवढंच विचारतो. मग पिंपात कोपरापर्यंत हात घालून भुसा चिवडत बसतो. माझ्यासारख्या तापट बाईने हे बघत उभं राहायचं म्हणजे शिक्षाच!

त्या दिवशी तर मी आधीच भडकलेली होते. आमच्या कारखान्यात मशीनवर चाळीस वर्षं बाबांचा हात. पण महिन्याभरापासून फळ्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या, काप तिरका जायला लागला. एकदा तर फळी उलटी उसळून बाबांच्या पोटावर बसली. मी घाबरले, आणि घाबरले की मला फक्त ओरडता येतं. "बाबा, पुरे झालं! तुमचा हात राहिला नाही आता. उद्यापासून पॉलिशला बसा." सगळ्या कारागिरांसमोर बोलले. बाबांनी कानामागची पेन्सिल काढून मशीनवर ठेवली आणि पॉलिशच्या डब्यांकडे गेले.

पुढे दुसऱ्या कारागिराच्या हातूनही कडा जळायला लागल्या. बाबांनीच जाताजाता ब्लेडची वाट लावली असणार, असं म्हणून मी भुसाकाकांना बोलावलं आणि बाबांना पॉलिशला बसवल्याचंही सांगून टाकलं.

काकांनी मूठभर भुसा तळहातावर चोळला. "दाणे बघ कसे जाड आहेत. ब्लेड बोथट झालं की पीठ पडतं. याला चांगली धार आहे, उगाच कुणाच्या माथी मारू नकोस." पुन्हा पिंपात हात. तळातून काही छोटे तुकडे काढले, उलटसुलट करून पाहिले आणि गुपचूप पिशवीत टाकले. मी म्हटलं, नेत असतील चूल पेटवायला.

मग त्यांनी मशीनची विजेची पिन काढली आणि ब्लेडच्या एका दातावर खडूने खूण केली. आमच्या मशीनला एक गाइड पट्टी आहे, तिला टेकवून फळी पुढे ढकलायची. खुणेचा दात पुढे आणून त्यांनी पट्टीपर्यंतचं अंतर मोजलं. ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजलं.

"मागे दीड मिलिमीटर कमी. फळी शिरताना मोकळी, बाहेर पडताना चिमटीत. जळणार नाही तर काय होईल? उसळणारच ती. हे मशीन कुणी हलवलं?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. महिन्याभरापूर्वी मीच हलवलं होतं. बाबांना नीट दिसावं म्हणून खिडकीजवळ नेलं होतं. बाबा तेव्हा लाकूड आणायला गेले होते, आणि हमालांना "धरा त्या पट्टीला, लावा जोर!" असं मीच ओरडून सांगितलं होतं.

"मलाही असंच कामावरून काढलं होतं तरुणपणी," पट्टीचे बोल्ट सैल करत काका म्हणाले. "हात वाकडा म्हणे. सहा महिने मीसुद्धा खरं मानलं. नंतर कळलं, मशीनच वाकडं होतं. तेव्हापासून आधी कचरा बघतो. माणसं घाबरून काहीही सांगतात."

पट्टी सरळ बसली. मग त्यांनी पिशवीतले तुकडे टेबलावर ओळीने मांडले. हातकरवतीने कापलेले, पेन्सिलीच्या रेघेवर, एकही केसभर इकडेतिकडे नाही. "हात गेलेल्या माणसाचं काम आहे का हे?"

मी मोजले. अठरा. बाबांना पॉलिशला बसवून अठरा दिवस झाले होते. माझा बाप रोज एक तुकडा कापून स्वतःचा हात तपासत होता, आणि मला दिसू नये म्हणून कचऱ्यात तळाशी लपवत होता. मला रडूच फुटलं.

बाबांना हाक मारली. ते हात पुसत आले, पण मशीनपासून चार पावलं लांबच थांबले.

"पट्टी सरकली होती," काका सहज म्हणाले. "जुनं झालं की होतं असं."

"खोटं बोलतायत ते!" मी ओरडलेच. कारागीर माना वर करून बघायला लागले. बघू देत! "मशीन मी ओढायला लावलं, पट्टी माझ्यामुळे वाकडी झाली, आणि बोल तुम्हाला लावला. चुकले मी, बाबा."

बाबांनी पुढे येऊन फळी घेतली, पट्टीला टेकवली आणि ढकलली. काप सरळ गेला, कड स्वच्छ निघाली. त्यांनी ती बोटाने चाचपली, नाकाशी धरून वास घेतला. मग मशीनवरची पेन्सिल उचलून कानामागे खोचली.

"बरं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मग पॉलिशला कोण बसणार?"

भुसाकाका पिंपात तोंड घालून हसू दाबत होते.

मी बसले. मोजून अठरा दिवस.