सात घरांचा पैलवान

माझ्या बहिणीचे सासरे समोरच्या माणसाला कधी नुसता माणूस म्हणून पाहत नसत. त्याच्याजवळ काय आहे ते पाहत, आणि त्यातलं कॉलेजच्या पैलवानांच्या कामाचं काय, हे तो नमस्कार करून खाली बसेपर्यंत ठरवून टाकत. अंबरनाथ पूर्वेला त्यांचं घर होतं. तिथल्याच एका कारखान्यात ते फिटर होते आणि त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं. उल्हासनगरच्या ज्या कॉलेजच्या कुस्ती संघासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची पंधरा-वीस वर्षं घातली, तिथे त्यांचा मुलगा शिकला नव्हता, पुतण्या नव्हता, कुणीच नव्हतं. स्वतः ते कधी आखाड्यात उतरले नव्हते. "एवढं कशासाठी करता?" असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "लहानपणी जत्रेत कुस्त्या बघायचो. मला दमा, त्यामुळे मैदानात कोण घेणार? बाहेर बसून ओरडायचो. ओरडणाराही लागतोच की, पाव्हणे." मी त्यांच्या सुनेचा भाऊ, म्हणून शेवटपर्यंत 'पाव्हणे'च राहिलो.

त्यांची-माझी पहिली भेट बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत झाली, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. मुलाकडचे काय मागतील या धास्तीने वडिलांची झोप उडाली होती. चहा झाला, मध्यस्थ खाकरले, आणि मुलाच्या वडिलांनी खिशातून चतकोर कागद काढला. "हुंडा नको, मानपान नको. सोळा गाद्या द्या." "आपल्या घरात माणसं किती?" वडिलांनी चाचरत विचारलं. "पाच." "मग सोळा...?" "कापसाच्या नकोत, दबतात. काथ्याच्या द्या. चार-चारच्या चार रांगा मांडल्या, वर ताडपत्री ताणली की कुस्तीची मॅट होते. पोरं सिमेंटवर पडतायत हो." मध्यस्थाने डोळे मिटून घेतले. आमच्या आईने आतल्या खोलीतून मला खूण करून विचारलं, माणूस बरा आहे ना? लग्न लागलं, पाठवणी झाली, आणि आमच्या गाडीपुढे गाद्यांचा टेम्पो निघाला. नाक्यावर गाडी घराकडे वळली आणि टेम्पो कॉलेजकडे. सूनमुखाच्या वेळी सासरे कुठे आहेत म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ते कॉलेजच्या जिमखान्यात ताडपत्रीला खिळे ठोकत होते.

त्यांच्या मंडळाचं नाव 'मल्ल पाठीराखे मंडळ'. त्याला ना फॉर्म होता, ना नकार देण्याची सोय. सभासदाने पैसे द्यायचे नाहीत, वस्तू द्यायची किंवा काम करायचं, एवढाच नियम होता. "पैसे दिले की माणूस सुटतो," ते म्हणत. "मला सुटणारा माणूस नको." गल्लीतल्या कुणीतरी सरावाच्या आरडाओरड्याबद्दल तक्रार केली म्हणून एकदा हवालदार आला. यांनी तक्रार ऐकलीच नाही, हवालदाराचे कान बघितले. जुन्या पैलवानांचे असतात तसे मोडलेले, गोळा झालेले कान. "तुम्ही खेळलेले आहात," हे म्हणाले. हवालदार लाजला. पुढची तीन वर्षं तो दर गुरुवारी ड्यूटी संपवून पोरांना डाव शिकवायला येत होता, आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तक्रार करणाऱ्या गृहस्थांना यांनी शिट्टी देऊन पंच केलं.

हे सगळं मी हसून सांगत असे. पण एकदा त्यांच्याबरोबर समाचाराला गेलो आणि हसणं संपलं. कारखान्यातले त्यांचे जुने सहकारी वारले होते, दहावाही झाला नव्हता. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाच मिनिटांनी बहिणीच्या सासऱ्यांची नजर दाराशी टेकवलेल्या सायकलीकडे गेली. "वहिनी," ते म्हणाले, "ही सायकल आता कोण चालवणार?" मी जमिनीकडे पाहू लागलो. ते बोलतच राहिले. बारवी धरणापलीकडच्या एका ठाकूरवाडीतला लक्ष्मण नावाचा पोरगा कॉलेजात आहे, अंबरनाथला खोली घेऊन राहतो, पहाटे उल्हासनगरला चालत येऊन मेहनत करतो, पुन्हा चालत जातो, त्याचे पाय आखाड्याआधीच दमतात. बाई उठल्या, आतून किल्ली आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. शेजारीण मला नंतर म्हणाली की आठवड्यात त्या पहिल्यांदाच आपण होऊन उठल्या. पुढे वर्षभर त्या लक्ष्मणला रस्त्यात थांबवून चाकातली हवा दाबून बघत.

लक्ष्मण सत्तावन्न किलो वजनी गटात खेळायचा. अंगाने वाळक्या काटकीसारखा, बोलायचा फार कमी, आणि हातात सापडलेलं सोडायचा नाही. शेवटच्या वर्षाला होता. विद्यापीठाच्या निवड चाचणीत गटात पहिला येणारा मुलगा बाहेरच्या राज्यात स्पर्धेला जाई, आणि तिथे खेळलेल्याला रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येई. लक्ष्मणच्या वाडीत तोवर कुणालाही पगाराची नोकरी लागली नव्हती. आदल्या वर्षी तो चाचणीत दुसरा आला होता. या वर्षी पहिला येणार, असं क्रीडाशिक्षकांसह सगळे धरून चालले होते. अशा वेळी बहिणीच्या सासऱ्यांना कळलं की हा रात्री वडापाव खाऊन झोपतो.

त्यांनी दोन दिवसांत वार लावले. पूर्वी गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवत, तसे. सोमवार उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी कुटुंबाकडे, त्यांचा जीन्स धुऊन रंगवायचा कारखाना होता. मंगळवार बदलापूरच्या एका आगरी आजींकडे. बुधवार निवृत्त मुख्याध्यापकांकडे, आणि असं करत रविवार माझ्या बहिणीकडे. व्यवस्था चोख होती. त्यात एकच गोष्ट कुणी धरली नव्हती. प्रत्येक घराला खात्री होती की उरलेली सहा घरं पोराला उपाशी ठेवतात. सिंधी बाई तुपात थबथबलेली कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, वाढताना यांना म्हणायच्या, "चाचा, बाकी छह घर क्या खिलाते होंगे, मुझे सब पता है. सोमवार को तो बच्चा ढंग से खाए." आगरी आजी ताटात तिसरी भाकरी टाकून वर सुकटीचा डोंगर रचत. "त्या शेरातल्या बाया काय खावाला देतान याला? पानी! जेव रं पोरा." मुख्याध्यापकांच्या पत्नी तर भातावर तूप घालताना लक्ष्मणकडे बघतसुद्धा नसत, उगाच डोळे भरून येतात म्हणून. माझी बहीण शहाणी. पण तिनेही रविवारी दोन वेळांचं जेवण सुरू केलं होतं. लक्ष्मणला नाही म्हणता येत नसे. त्याच्या वाडीत पुढे आलेलं अन्न कुणी परत करत नाही. आणि माझ्या बहिणीचे सासरे ज्या जत्रेतल्या कुस्त्या बघत मोठे झाले, तिथे पैलवान जितका वजनदार तितका चांगला. जिमखान्यातला वजनकाटा पावसाळ्यात गंजून अडकला होता. तो प्रत्येकाला छप्पन्न दाखवी, आणि सगळे त्यावर समाधानी होते.

चाचणीच्या दोन दिवस आधी ते लक्ष्मणला घेऊन बदलापूरच्या एका लाकडाच्या वखारीत गेले. वखारवाल्याला सभासद करायचं होतं. मीही बरोबर होतो. बोलणी चालू असताना लक्ष्मण सहज तिथल्या लाकडं तोलायच्या काट्यावर उभा राहिला. वखारवाल्याने सवयीने वजन सरकवलं आणि म्हणाला, "साडेसाठ." बहिणीचे सासरे हसले, काटा चुकलाय म्हणाले. वखारवाल्याला हे लागलं. "काका, तुम्ही चढा." ते चढले. त्यांचं वजन डॉक्टरांकडे असे तेवढंच भरलं. बहिणीच्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी तेव्हा पाहिला. कळल्यावर क्रीडाशिक्षक तर धावतच आले. वरच्या गटात कॉलेजचा दुसरा मुलगा ठरलेला होता, नावं गेली होती. "काका," ते ओरडले, "हा मॅटवर जाणार आहे, मांडवात नाही! साडेतीन किलो! दोन दिवसांत!"

मग मी एक गोष्ट पाहिली जी मला अजून नीट सांगता येत नाही. जन्मभर लोकांकडे 'द्या' म्हणत फिरलेला माणूस सात घरी 'देऊ नका' म्हणत फिरला, आणि एकाही घराने ऐकलं नाही. आगरी आजींनी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. "लढाईला जानाऱ्याला उपाशी धाडताव? तुमचा डोका फिरलाय." मुख्याध्यापकांकडून खीर आली. शेवटी सिंधी शेठजींनी जीन्स वाळवायची खोली उघडून दिली. दोन ब्लँकेटं गुंडाळून लक्ष्मण तिथे बसला होता, चहूकडे ओल्या पँटी लटकलेल्या, हवा भट्टीसारखी, आणि त्याच्या कपाळावरून घामाचे निळे ओघळ उतरत होते. दर दहा मिनिटांनी क्रीडाशिक्षक त्याची नाडी बघत. मी दारातच थिजलो. "हे थांबवा," मी म्हणालो. तेवढ्यात शेठजींच्या पत्नी डबा घेऊन आल्या, आत डोकावल्या आणि किंचाळल्या, "हाय राम, बच्चे को भट्टी में डाल दिया!" बहिणीचे सासरे हात पसरून दारात आडवे झाले. बाई डबा घेऊन पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या. आतून लक्ष्मण म्हणाला, "काकी, रडू नका. मंगळवारी येतो." सोमवार कुठला, मंगळवार कुठला, त्याचं त्यालाच भान नव्हतं.

चाचणीच्या सकाळी काटा बरोबर सत्तावन्नवर थांबला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिली कुस्ती त्याने गुणांवर कशीबशी मारली. दुसरी ज्या मुलाशी होती, त्याला आदल्या वर्षी त्याने अर्ध्या मिनिटात चीत केलं होतं. या वेळी दुसऱ्या मिनिटाला लक्ष्मणच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. त्याने पकड सोडली नाही, पण पाय उभे राहिनात. पंचांनी गुण मोजून हात वर केला तो दुसऱ्याचा. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "काका, पायात काही नव्हतंच." बहिणीचे सासरे संपूर्ण कुस्तीभर ओरडले नव्हते. तसेच बसून होते, त्याचा टॉवेल गुडघ्यावर ठेवून.

सातही घरांनी एकच निष्कर्ष काढला, की दोन दिवस खाऊ दिलं नाही म्हणून पोरगा हरला. यात चूक काढता येत नव्हती. बहिणीचे सासरे प्रत्येक घरी जाऊन चूक माझी म्हणून सांगून आले. परीक्षा झाली आणि लक्ष्मण वाडीला निघून गेला. पुन्हा आला नाही. दोनेक महिन्यांनी ते मला म्हणाले, "पाव्हणे, तुम्हाला सुटी कधी आहे?"

आम्ही एस.टी.ने धरणापर्यंत गेलो आणि तिथून तासभर चाललो. चढावर त्यांना धाप लागत होती. दम खायला थांबले की ते काहीतरी पुटपुटत होते. काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली असावी. कुडाच्या घरापुढे लक्ष्मणची आई भाताची रोपं आवळून बांधत होती. हे अंगणात उभे राहिले, टोपी काढली. "बाई, तुमच्या पोराचं माझ्या हातून नुकसान झालं."

"बसा," ती म्हणाली. "जेवा आधी. मंग बोला."

तिने भात आणि उडदाचं पिठलं वाढलं. यांचा घास हातातच राहिला. तिने ते पाहिलं. "दिवाळीला घरी आला तवा म्या त्याला वळखलाच नाय," ती सावकाश म्हणाली. "समदी हाडं झाकलेली. पोटभर जेवल्यालं माझं पोर कसं दिसतं, ते म्या तवा बगितलं."

बहिणीच्या सासऱ्यांनी मान खाली घालून घास घेतला. थोड्या वेळाने लक्ष्मण आला. वन खात्याच्या रोजंदारीवर खड्डे खणून आला होता, हात कोपरापर्यंत मातीचे. आम्हाला पाहून तो गडबडला, हात धुऊन त्यांच्या शेजारीच पंगतीला बसला. पुन्हा पहिल्यासारखाच वाळका दिसत होता. सायकल नीट आहे का, असं यांनी विचारलं. आहे, असं तो म्हणाला. आईने त्याच्या ताटात दुसऱ्यांदा भात घातला आणि तिसऱ्यांदा वाढायला हात उचलला. बहिणीच्या सासऱ्यांचा हात नकळत त्याच्या ताटावर आडवा गेला. मग त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि भात पडताना शेवटच्या शितापर्यंत पाहत राहिले.