दहावं करडू

मंचरला माझ्या शेजारी राहणारा हा गृहस्थ दशांश काढायला बसला, की मी खिडकी लावून घेतो. दहा वांग्यांतलं एक चर्चचं, हे मला मान्य आहे. पण ते निवडताना तो दहाही वांगी उन्हात फिरवून बघतो आणि त्यांतलं सगळ्यांत देखणं तिकडे जातं. किडकं आमच्याकडे येतं, तेही प्रेमानं.

यंदा त्याच्या शेळ्यांना दहा करडं झाली. त्यांतलं ठिपक्यांचं करडू जन्मल्या दिवशीच मी मागून ठेवलं होतं. कापणीच्या सणाला ते चर्चमध्ये अर्पण झालं!

"अरे, मला शब्द दिला होतास!"

"दिला व्हता. पण देवाला काय लंगडं देऊ? लिलाव हाय, या की तुमी."

उपासनेनंतर अर्पणाचा लिलाव होतो. मी गेलो, बोली लावली, तर माझ्याविरुद्ध बोलायला हाच उभा! मी चढवलं की तो चढवायचा. शेवटी मी दमलो. त्यानं पैसे मोजले, करडाची दोरी घेतली आणि पुन्हा चर्चच्या पाळकांच्या हातात दिली.

"परत अर्पण. लावा बोली."

सगळी मंडळी हसली. मी कपाळावर हात मारला.

"आता तरी गप्प बसशील का?"

"बसतो की. पण भाऊ, देवाच्या वस्तूला लई कमी बोलता तुमी, मग मला उठावं लागतं."

मी निमूटपणे त्याच्याच आकड्यापासून सुरुवात केली. एवढं दान मी आमच्या देवळातही कधी केलं नव्हतं.