रुस्ताकच्या डोंगरात डबल बेल

आई-बाबा पहिल्यांदा ओमानला आले ते गेल्या हिवाळ्यात. सीबमधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून पार्किंग आणि समोरच्या इमारतीचे एसी दिसतात. आठवडाभर तेवढंच बघून आई एका सकाळी म्हणाली, "इथं माती कुठं बघायला मिळती गं?" मुलीला शाळेची सुट्टी लागणारच होती. मग मी रुस्ताकजवळच्या एका शेतावरचं घर चार दिवसांसाठी घेतलं. नवरा आत वाळवंटात तेलविहिरीवर ड्यूटीला होता, त्यामुळे गाडी मीच चालवणार होते.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. पाटण-चिपळूण, कुंभार्ली घाट, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. लहानपणी सुट्टीत आम्ही त्यांच्याच गाडीने मामाकडे जायचो आणि मी केबिनच्या मागच्या बाकावरून त्यांचे खांदे बघत बसायची. पण त्यांनी मला कधी साधी लुना शिकवली नाही. म्हणायचे, "चाकावर कमरेचा भुगा होतो. तू खुर्चीत बसून कमव." मी खुर्चीत बसून कमवायला लागले, इंजिनीयर झाले, इथे आले. मग कळलं की या देशात गाडी येत नसेल तर दही आणायलाही दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं.

इथली ड्रायव्हिंगची परीक्षा पोलीस घेतात. आधी पिंपांच्या मधून गाडी उलटी आत घालायची, मग चढावर थांबवून मागे न घसरता काढायची, आणि मग रस्त्यावरची परीक्षा. जन्मात कधी नापास न झालेली मी त्या पिंपांपुढे इतक्यांदा नापास झाले, की शिकवणारे मास्तरच माझ्या आधी मान खाली घालायचे. लायसन्स मिळालं त्या दिवशी फोनवर बाबांना सांगितलं, तेव्हा ते "बरं झालं. हळू चालव," एवढंच म्हणाले होते.

निघायच्या दिवशी बाबा सवयीने गाडीच्या उजव्या बाजूला गेले, दार उघडून बसले आणि समोर बघतच राहिले. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. मी दुसऱ्या बाजूने चढले, आरसे लावले. बाबांनी पट्टा ओढला आणि हात मांडीवर ठेवले. वाटेतल्या बरका गावापर्यंतचा रस्ता रुंद आणि सरळ, पण त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता.

मागून माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, तिथे ब्रेक नाही आहे."

तिचं मराठी शाळेच्या इंग्रजीतून वाट काढत येतं. आई हसली. बाबा म्हणाले, "माहितीय गं. पायाला सांग."

शेतावरचं घर छोटंसं होतं, दोन खोल्या आणि पुढे ओटा. भोवती खजुरीची झाडं, लिंबं, आणि कडेने वाहणारा फलज, म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट. आईने पहिलं काम केलं ते चपला काढून त्यात पाय सोडायचं. पहिल्या दिवशी आम्ही किल्ला पाहिला आणि बाजारात मध घेतला. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. तिथे बाबांनी गुडघे शेकले आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या ओमानी माणसाशी खुणांनी बराच वेळ गुडघ्यांचीच चर्चा केली.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "त्या डोंगरात आत गाव आहे म्हणतात. रस्ता आहे का?"

"आहे, पण कच्चा आहे. चढ मोठा आहे."

"तू गेलीयस?"

"एकदा, ह्यांच्याबरोबर. तेव्हा गाडी ते चालवत होते."

बाबांनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला. मग मीच म्हणाले, "उद्या जाऊ या."

आईने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि पिशवीत शंकरपाळ्यांचा डबा भरायला घेतला.

डांबर संपलं तिथे मी गाडी थांबवून चारी चाकांचा गिअर टाकला. बाबा वाकून बघत होते. पुढचा रस्ता डोंगर खोदून काढलेला, खडी पसरलेली, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. मी पहिल्या-दुसऱ्यावर चढत राहिले. आई डोळे मिटून बसली होती. बाबांचा पाय मात्र आता दाबला जात नव्हता, ते रस्ता बघण्यात गुंतले होते.

एका आखूड वळणावर समोरून पिकअप उतरत आला, मागे चारा शिगोशिग भरलेला. दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. खरं तर चढणाऱ्याला वाट द्यायची असते. पण त्याला मागे हटणं शक्यच नव्हतं आणि माझ्या मागे थोड्या अंतरावर रस्ता रुंद होता. मागे मलाच जायला हवं होतं, उतारावर, वळणावरून, दरीच्या कडेने.

बाबा म्हणाले, "मी उतरतो."

मला वाटलं, आता ते म्हणतील, तू उतर, मला दे. ते तसं म्हणाले असते तर मी चावी देऊन टाकली असती, हे मला आजही माहीत आहे. पण ते उतरून मागे गेले. आरशात मला त्यांचा फक्त पांढरा शर्ट दिसत होता. त्यांनी गाडीच्या पाठीवर हाताने दोनदा ठोकलं.

एसटीत कंडक्टरने एक बेल दिली की थांबायचं आणि दोन बेल दिल्या की निघायचं. आयुष्यभर त्यांनी ती बेल ऐकून गाडी चालवली होती, आज ते माझ्यासाठी ती देत होते. मी ब्रेक सैल केला. "येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडे घे... येऊ दे." मग एकदाच ठोकलं. मी थांबले. पुन्हा दोनदा. खडी चाकाखाली करकरत होती आणि मी दरीकडे न बघता फक्त त्या आवाजावर गाडी मागे घेत होते. शेवटचा एक ठोका ऐकला, तेव्हा गाडी डोंगराच्या बाजूला अगदी नीट लागली होती.

पिकअपवाला जवळून सरकला, काच खाली करून मला म्हणाला, "शुक्रन," आणि बाबांना हात केला. बाबा परत येऊन बसले, रुमालाने हात पुसले.

"चल," म्हणाले.

गावात दगडमातीची घरं एकाला एक चिकटून होती आणि खाली पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेतं. एका आजोबांनी ओट्यावर बसवून खजूर आणि कावा, म्हणजे बिनदुधाची कडू कॉफी, दिली. त्यांना थोडं हिंदी येत होतं. बाबांना त्यांनी विचारलं, "गाडी तुम लाया?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "नहीं. ये लायी. बेटी."

ते आजोबा "माशाल्ला" म्हणाले. बाबांनी आणखी एक खजूर उचलला, आणि मी आईकडे बघायचं टाळलं, कारण तिचे डोळे भरले असले तर माझेही भरले असते.

उतरताना मागच्या शिखरांवर ढग काळे झाले होते. आमच्यावर थेंबही नव्हता. पण खाली आलो तर वादी, एरवी कोरडी पडलेली दगडांची नदी, वाहायला लागली होती. रस्ता तिच्यातून पलीकडे जातो. तिथे खोली दाखवणारे लाल-पांढरे खांब होते आणि त्यांच्या बुडाशी तपकिरी पाणी खळखळत होतं. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, डांबरी रस्ता दिसत होता.

बाबांनी काच खाली करून पाणी न्याहाळलं. "फार नाही वाटत. एसटी असती तर घातली असती."

"ही एसटी नाहीये बाबा."

"मग काय म्हणतेस?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"पाणी उतरेपर्यंत."

बाबांनी काच वर केली. मग मागे वळून आईला म्हणाले, "डबा काढ. ड्रायव्हरनं थांबायचं सांगितलंय."

गाडी मी मागे उंचावर नेऊन लावली. आमच्यामागे एक ओमानी कुटुंब येऊन थांबलं. त्यांच्या बाईंनी थर्मास पाठवला, आईने शंकरपाळ्या दिल्या. माझी मुलगी त्यांच्या मुलींबरोबर दगडावर बसून इंग्रजीत बोलत होती. आणि मग वरून घुमल्यासारखा आवाज आला. पाणी बघता बघता खांबांच्या निम्म्यावर चढलं आणि त्यातून खजुरीचं एक अख्खं खोड आडवं वाहत गेलं. सगळे उठून उभे राहिले. बाबांनी नातीला जवळ ओढून तिचा हात धरला आणि पाणी उतरेपर्यंत सोडला नाही.

ऊन तिरपं झालं तेव्हा रस्त्यावर पाण्याचा फक्त पातळ पापुद्रा उरला होता. ओमानी गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः चालत पलीकडे जाऊन आले, मला "यल्ला", म्हणजे चला, म्हणाले, आणि मी गाडी सावकाश पार नेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. सकाळी उठले तर बाबा बादलीने पाणी आणून गाडीच्या चाकांचा चिखल धूत होते. मी धुते म्हटलं तर बादली दिली नाही. मग हात धुऊन ते खजुरीखाली बसले आणि त्यांच्या जुन्या कंडक्टर मित्राला फोन लावला. मी चहा घेऊन जात होते.

"जय भीम. हां, ओमानमधनंच. अरे, काल घाट चढलो. कुंभार्ली त्याच्यापुढं सपाट म्हणायचा. कच्चा, सगळी खडी. उलटी गाडी घेतली वळणावर." मग ते थोडं ऐकत राहिले. "नाही नाही, मी कुठला. माझ्यानं झालं नसतं ह्या वयात. पोरीनं. मी फक्त बेल मारली."

मी चहा ठेवला. त्यांनी फोनवर हात धरून विचारलं, "त्या गावाचं नाव काय गं?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा घोळवून पाहिलं, जमलं नाही, आणि फोनमध्ये म्हणाले, "नाव राहू दे, तुला म्हणता यायचं नाही. पण मोठा घाट आहे."